तीस सेकंदांची होडी

माझ्या नावावर एकच धून आहे. ती तीस सेकंदांची आहे आणि मी ती गेली वीस वर्षं बसवते आहे.

कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर पूर्वी मी मान किंचित तिरकी करून, पुरेसा वेळ घेऊन, "संगीतकार आहे" असं म्हणत असे. पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, कुठल्या सिनेमाचं संगीत? "सिनेमाचं नाही, होडीचं," असं म्हणून मी समोरच्याचा चेहरा बघत राहायचे. त्या चेहऱ्यासाठी मी कितीही लांब लग्नाला जायला तयार असे. हल्ली एवढ्या नाटकाचाही कंटाळा येतो. "मोबाइलच्या गेमला म्यूझिक देते," असं एका दमात सांगून टाकते. समोरचा "अरे वा" म्हणतो आणि चहाकडे वळतो. दोघांचाही वेळ वाचतो.

गेम साधा आहे. एक नदी, एक लाँच, लाँचमध्ये माणसं. ती पलीकडच्या घाटावर पोचवायची. वाटेत जलपर्णीचे गठ्ठे, वाळूने भरलेल्या होड्या आणि एक हट्टी गृहस्थ, जो दर खेपेला नेमका आपल्यासमोरच पोहत असतो. पाच भाग झाले. माणसं अजून पलीकडे जातातच आहेत.

यंदा गणपतीच्या आधी दोन-तीन दिवस डमडमहून बोलावणं आलं. बालीगंजहून ऑटोने काळीघाट, तिथून मेट्रोने थेट डमडम, मग पायी, मग दोन जिने. हे जिने मी कधीकाळी गुणगुणत चढायचे. आता मधल्या वळणावर थांबून नोटीस बोर्ड वाचते. त्यावर पाण्याची टाकी साफ करणार असल्याची एकच सूचना आहे. ती मला पाठ आहे. टाकी साफ झाली की नाही ते मात्र कधी कळलं नाही.

गेमचं हे ऑफिस विमानतळाजवळ आहे. दर थोड्या वेळाने डोक्यावरून विमान जातं, तेव्हा बोलणारा माणूस तोंड उघडं ठेवून थांबतो आणि विमान गेलं की वाक्य पुढे चालू करतो. आमच्या तिसऱ्या भागातल्या बासरीत असंच एक विमान अडकून पडलं आहे. लोकांना तो नदीवरचा वारा वाटतो. आम्ही कुणाला काही सांगितलेलं नाही.

गेम ज्याचा आहे तो माझा जुना विद्यार्थी. मी शाळेत गाणं शिकवायचे तेव्हा हा शेवटच्या बाकावर बसून, सगळा वर्ग टाळी वाजवून थांबला की एक जास्तीची टाळी वाजवायचा. आता चाळिशी ओलांडली आहे, कपाळ मागे सरकलं आहे, हाताखाली वीसेक माणसं आहेत. पण मला अजून "मिस"च म्हणतो. आमचं बोलणं बंगालीत चालतं. इथे ते मी माझ्या मराठीत सांगते.

"मिस, सहावा भाग काढतोय."

"अजून एक? अरे, त्या माणसांना पलीकडे कुणी ओळखीचं तरी आहे का?"

"या वेळी पहिल्या भागासारखा आवाज हवाय. जुन्या फोनसारखा. टिंग टिंग."

"त्या टिंग टिंगला कंटाळूनच आपण पुढे गेलो होतो ना?"

"लोक परत तिकडे चाललेत. कॉलेजात असताना खेळणारे आता पोराबाळांवाले झालेत. त्यांना तो आवाज ऐकला की बरं वाटतं."

"मग दे की. आता तर यंत्रच करतं सगळं."

"दिला. सूर बरोबर आहेत, आवाजही हुबेहूब. जुन्या खेळणाऱ्या दहा-बारा जणांना ऐकवला. सगळे म्हणाले, ही ती नाही. ती..."

विमान आलं. तो तोंड उघडं ठेवून थांबला. मी समोरच्या कपातल्या चहावरची साय बघत बसले. विमान गेलं.

"...पळायची. ही पळत नाही, मिस."

मूळ फाइल आमच्या पहिल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरबरोबर भंगारात गेली होती. इंटरनेटवर कुणीतरी टाकलेला एक तुकडा त्यांना सापडला होता, पण त्यात धुनेपेक्षा खेळणाऱ्याच्या वडिलांचं "जेवायला ये" जास्त ऐकू येत होतं. यंत्राला सांगून धून हळूहळू जलद करून बघितली होती, तीन-चार तऱ्हांनी. मला ऐकवली. ती जलद होत होती, यात शंका नव्हती. कुणीतरी मागून ढकलत असल्यासारखी.

"तुमच्याकडे काही आहे का? शुक्रवारपर्यंत थांबू शकतो," तो खाली बघत म्हणाला. "दुर्गापूजेच्या आधी गेम बाहेर काढायचाय. नाही जमलं तर... दुसरी एक धून करून ठेवली आहे."

"माझी?"

"नाही, मिस."

खरं सांगायचं तर आधी मला हलकंच वाटलं. वीस वर्षं तेच तीस सेकंद. पाठ दुखते, डाव्या कानात वरचे सूर पूर्वीसारखे लागत नाहीत, आणि ते दोन जिने. काढून टाकतायत तर टाकू देत. मेट्रोत बसायला जागा मिळाली, डोळे मिटले, आणि मग काळीघाट येईपर्यंत ते हलकेपण कुठल्या कुठे गेलं. कारण ती धून का पळायची ते मला माहीत होतं. ती माझ्यामुळे पळत नव्हती. आईमुळे पळायची.

तेव्हा फोन बटणांचे होते. एका वेळी चार सूर वाजायचे, पाचवा वाजवला की पहिला गुपचूप मरायचा. श्वास नाही, मींड नाही, एखाद्या डासाला सा-रे-ग-म शिकवल्यासारखा आवाज. मला फार मजा आली होती. शाळेतून एक कीबोर्ड घरी आणला. त्यातलं ठेक्याचं बटण मोडलं होतं, म्हणून आईला शेजारी बसवलं आणि म्हटलं, "तू टाळी दे, मी वाजवते."

आईकडे टाळीचं काम जाणं साहजिकच होतं. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळात गणपतीची झांज वर्षानुवर्षं तिच्या हातात असायची. आमच्या मंडळाची आरती ज्यांनी ऐकली नाही त्यांना सांगते, ती संथ सुरू व्हायची, दुसऱ्या कडव्याला पाऊल उचलायची, तिसऱ्याला पदर खोचायची आणि शेवटच्या कडव्याला धावत सुटायची. शंभर माणसं आईच्या झांजेमागे पळायची. इथे वाढलेल्या मुलांना शब्द अर्धेच यायचे, पण पळायला सगळ्यांना यायचं. मी त्याच गर्दीत लहानाची मोठी झाले. ठेका धरणं म्हणजे हेच, असं मला वाटायचं.

तर आईने टाळी दिली, मी वाजवलं, आणि तीस सेकंदांत आमची होडी संथ निघून भरधाव झाली. दोघींपैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. फोनमध्ये धून परत पहिल्यापासून सुरू व्हायची तेव्हा एक हिसका बसायचा, धावता धावता ठेच लागून उभं राहिल्यासारखा. माझा विद्यार्थी म्हणाला, वा मिस, मधल्या धारेला लागली की पळते आणि घाटाला आपटते! मी म्हटलं, हो ना. जणू ठरवूनच केलं होतं.

दुसरा भाग आला तोवर फोन बदलले होते, सूर हवे तितके मिळत होते. एका स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रण करायचं ठरलं. तिथल्या ध्वनिमुद्रकाने माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि त्यात एक टिक टिक सुरू केली. "मॅडम, याच्याबरोबर वाजवा." मी वाजवलं. पंधराव्या सेकंदाला मी टिक टिकच्या पुढे गेले होते. त्याने जुनी धून मागवली, मोजली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, ही नव्वदला सुरू होते आणि एकशे चाळीसला संपते. असं चालत नाही."

दुसऱ्या भागात धून सरळ झाली. आईला घरी ऐकवली. ती म्हणाली, "शाळेत गेल्यासारखी वाटते."

तिसऱ्या भागात आमच्याकडे थोडं भांडवल आलं आणि त्याबरोबर भव्य होण्याची हौस. एसराज, बासरी, दोन तबलजी. गार्डन रीचच्या जेट्टीवर जाऊन लाँचच्या इंजिनाचा खराखुरा आवाज टिपून आणला. तिथे मला एक गोष्ट कळली, की घाट जवळ आला की चालक इंजिन बंद करतो आणि लाँच शेवटचं अंतर आपली आपण, आवाज न करता तरंगत जाते. तो नि:शब्द तुकडाही आम्ही टिपला होता. कुठे वापरला नाही. आईने ही धून ऐकली आणि विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

चौथ्या भागात धून अशी उरलीच नाही. खेळणारा जलपर्णीत अडकला की ढोल आत, सुटला की बाहेर, पोहणारे गृहस्थ दिसले की एसराज. कोण कधी अडकेल हे मला कसं ठाऊक असणार? म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जुळला पाहिजे. सहा महिने मी भाजी चिरून डबे भरून ठेवावेत तशी ती धून चिरत होते. फोडणी खेळणारा देणार. काम अवघड होतं आणि मला ते आवडलंही, पण त्या वर्षी मी पहिल्यांदा खरोखर थकले. आणि पाचव्या भागात तर सगळंच मंदावलं. तरुण मुलं म्हणे अभ्यास करताना, काम करताना तो गेम नुसता लावून ठेवतात, होडी आपोआप जाते, त्यांना पाठीमागे काहीतरी धूसर वाजायला हवं असतं. धून इतकी संथ झाली की दोन सुरांच्या मध्ये भांडी घासून व्हावीत. वर जुन्या तबकडीसारखी खरखर मुद्दाम घातली. जी खरखर घालवण्यात आमची पहिली दहा वर्षं गेली होती, तीच. आईने ऐकून काळजीने विचारलं, "बरी आहे ना ती?"

आता इथे मला माझ्या एका गुणाबद्दल सांगायला हवं. मला गोष्ट सांगता येते. उभं राहून, हातवारे करून, आवाज काढून. मंडळात गणपतीच्या दिवसांत एका संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रम असतो. दुसऱ्या भागाचं काम संपलं त्या वर्षी मी तिथे "आईची झांज" सादर केली. पदर खोचला, दोन ताटल्या घेतल्या आणि आधी हत्तीसारखी, मग गाईसारखी, मग घोड्यासारखी स्टेजभर पळाले. मग ध्वनिमुद्रक झाले, हात जोडून, अत्यंत नम्र. "मॅडम, असं चालत नाही." लोक खुर्च्यांवरून घसरले. पहिल्या रांगेत आई बसली होती. सगळ्यांत जास्त तीच हसली.

पुढची कित्येक वर्षं त्या प्रयोगाची फर्माईश यायची. मी दर वर्षी थोडी भर घालायचे.

पहिल्या प्रयोगानंतरच्या वर्षी आईने झांज दुसऱ्या कुणाच्या हातात दिली. खांदा दुखतो म्हणाली. मी खांद्याला चोळायचं तेल आणून दिलं.

डमडमहून परतले त्या दुपारी आई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून कोथिंबीर निवडत होती. एक्याऐंशी वर्षांची आहे, पण कोथिंबिरीचं एक पिवळं पान तिच्या नजरेतून सुटत नाही. मी सगळं सांगितलं, आणि शेवटी अगदी सहज म्हटलं, "तेव्हा आई, जरा टाळी दे. पूर्वी द्यायचीस तशी."

तिने हात पुसले आणि टाळी देऊ लागली. मी धून गुणगुणत होते. तीस सेकंद झाले, साठ झाले. टाळी जिथल्या तिथे. मी फोनवर मोजणारं यंत्र उघडून तिच्यासमोर धरलं. साठ. साठ. एकसष्ट. साठ.

भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा आणि आईची टाळी एकत्र पडत होती.

"आई, हे काय?"

"ठेका," आई म्हणाली. "नीट आहे ना आता? पोळ्या झाल्या की बसायचे रोज थोडा वेळ. घड्याळाबरोबर."

"कधीपासून?"

"तू ती गोष्ट केलीस ना मंडळात, तेव्हापासून."

मी मोजणारं यंत्र बंद केलं.

"अगं, ती गंमत होती."

"हो मग! हसलेच की मी." तिने जुडी परत पुढे ओढली. "ते घोड्याचं छान करतेस तू."

"तू मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? चूक ती चूक. तो माणूस यंत्राने मोजून सांगत होता." दोन-तीन काड्या निवडून झाल्यावर ती म्हणाली, "पण ठेका चुकायचा नाही हो माझा. मी पळवायचे."

"पळवायचीस म्हणजे?"

"गार्डन रीचच्या बायका यायच्या ना, रेल्वे कॉलनीतल्या? दोन बस बदलून. आरती लांबली की प्रसाद न घेता पळायच्या बिचाऱ्या, पोरांची बखोटी धरून. म्हणून मी सुरुवात नीट करायचे आणि मग घड्याळ बघून काढायचे पुढे. सगळ्यांचं सगळं म्हणून व्हायचं आणि बसही मिळायची."

"आणि माझ्या धुनेला कुठली बस होती?"

"हाताला काय माहीत?" आई म्हणाली.

मी तिच्यासमोर बसले आणि कोथिंबीर निवडू लागले. ती माझ्या हातातली पानं परत बघत होती, ते मला दिसत होतं.

"मग परत पळव ना आई. एकदाच. नाहीतर शुक्रवारी ते धून काढून टाकतायत."

"आता नाही येत. इतकी वर्षं खपून हात सरळ केला, तो काय पिशवीसारखा उलटा करू?" मग म्हणाली, "धून काढून टाकणार म्हणजे सगळीच?"

"सगळीच."

तिने पाण्याचा पेला हातात घेतला, पाणी प्यायली नाही.

"बुधवारी आरतीला झांज घेईन मी. पळेल की नाही माहीत नाही. पण तू आधी मंडळात जे सांगतेस ते नीट कर. सगळ्यांसमोर. मग मी झांज घेते."

बुधवारी माझा विद्यार्थी ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र घेऊन हजर झाला. आईच्या पाया पडला, "मासीमा" म्हणाला, आणि आईने त्याला बोलता बोलता तीन मोदक खायला लावले. करमणुकीचा कार्यक्रम आरतीच्या आधी होता. मी स्टेजकडे निघाले तसे लोक हसूच लागले. "घोडा! घोडा!" कुणीतरी ओरडलं. पदर खोचायला माझा हात आपोआप कमरेकडे गेला. मी तो मागे घेतला.

आयुष्यात इतकी वाईट गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. हातवारे नाहीत, आवाज नाहीत. मी म्हटलं, आईची झांज चुकत नव्हती, ती बससाठी पळायची, आणि हे मी तिला कधी विचारलंच नाही. म्हटलं, इतकी वर्षं तुम्ही जे हसलात ते माझ्या न विचारण्याला हसलात असं समजा. लोक पुढच्या वाक्यावर हसायला तयार बसले होते. पुढचं वाक्य नव्हतं.

मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला. फार वर्षांपूर्वी त्या गार्डन रीचहून यायच्या. आता लेकाकडे लांब राहायला गेल्या होत्या.

"पावणेनऊची," त्या म्हणाल्या. "शेवटची पावणेनऊची असायची. एकदाही चुकली नाही हो."

आई माझ्याकडे बघत नव्हती. ती चष्मा पुसत होती.

आरती सुरू झाली. हल्ली आम्ही स्पीकरवर आरती लावून तिच्यामागे म्हणतो. त्या दिवशी स्पीकर बंद ठेवला. आईने झांज घेतली आणि ठेका धरला. साठ. माझा विद्यार्थी यंत्राकडे, मग माझ्याकडे बघायला लागला. दुसरं कडवं, साठ. मागे पोरं कुजबुजू लागली, कुणीतरी जांभई दिली. तिसरं कडवं, आईचे डोळे मिटलेले, साठ. मी मनातल्या मनात त्या दुसऱ्या कुणाच्या धुनेला नमस्कार करून टाकला. ऐकायला चांगली असेल. तरुण असेल.

तेवढ्यात मागच्या बाईंची सून आत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, चला, कॅब आलीये खाली. पाच मिनिटंच थांबतो म्हणतोय." आमच्या मंडळात दबक्या आवाजातलं बोलणं शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचतं.

आईने डोळे उघडले. मागे बघितलं. त्या बाई प्रसादाकडे न जाता चपलांकडे निघाल्या होत्या.

आणि झांज सुटली. सत्तर, ऐंशी, कधी शंभर झाली कळलं नाही. जांभया देणारे ताठ झाले. पोरांना शब्द येत नव्हते, पण ती पळत होती. माझ्या विद्यार्थ्याने यंत्र डोक्यावर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तो मांडीवर थाप मारत होता, अर्थात एक जास्तीची. मी मोजायचं विसरले. चपलांपाशी त्या बाई टाळ्या वाजवत उभ्या होत्या. शेवटचं कडवं आलं आणि मला आईचा खांदा खाली येताना दिसला. हात थकला होता. झांज मंदावू लागली, एकेक ठोका जरा उशिरा पडू लागला, आणि शंभर माणसं तिच्यापुढे न जाता तिच्याबरोबर हळू झाली. संपलं तेव्हा कुणीतरी त्या बाईंच्या हातात प्रसादाचा द्रोण दिला होता.

शुक्रवारी मी डमडमचे जिने चढले, सूचना वाचली. त्यांनी टिंग टिंग सूर आईच्या झांजेवर बसवून ठेवले होते. मी खुर्चीत बसून ऐकलं. संथ निघाली, निघाली आणि पळाली.

"जुन्या लोकांना ऐकवली," माझा विद्यार्थी म्हणाला. "म्हणतात, आधीची नाही ही, पण पळते. धून राहतेय, मिस. फक्त शेवट. पहिल्या भागात धून धावत जाऊन आपटायची. ही शेवटी हळू होते. तेवढं कापतो आम्ही."

"गार्डन रीचला लाँच घाटाला कशी लागली होती आठवतं?" मी म्हटलं. "इंजिन बंद करून."

तो काही बोलणार होता, तेवढ्यात विमान आलं. विमान जाईपर्यंत त्याने विचार केला असावा.

"राहू दे," तो म्हणाला.

घरी येऊन आईच्या कानाशी फोन धरला. तिने डोळे मिटून ऐकलं. शेवटाला तिचं कपाळ आक्रसलं.

"इथे हात दुखला होता माझा. हे काढलं नाही?"

"नाही."

"लोकांना कळेल."

"कुणाला कळणार नाही आई. मी कुणाला सांगणार नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली, पिवळं पान सापडल्यासारखी.

"सांगशीलच तू," ती म्हणाली. "निदान बस किती वाजताची होती ते बरोबर सांग."

पावणेनऊची होती.